आठवणी सांगणारे आणि ऐकणारे

‘‘डॉक्टर, सकाळी रक्तदाबाची गोळी घेतली की नाही, हे बाबांना दुपारी आठवत नाही. पण पानशेतच्या पुराचं विचारा, पाणी वाड्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं होतं तेसुद्धा सांगतील. मग हे विसरणं खरं की सोंग?’’

असा प्रश्न दवाखान्यात महिन्यातून एकदा तरी कानी पडतो. विचारणारा कधी मुलगा असतो, कधी सून, कधी पत्नी. आणि ज्यांच्याविषयी विचारले जाते ते गृहस्थ शेजारच्याच खुर्चीत बसून, काहीसे संकोचून आणि काहीसे रागावून, भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत असतात. ‘सोंग’ हा शब्द मला प्रथम खोडून काढावा लागतो. पानशेतचे धरण फुटले १२ जुलै १९६१ रोजी. त्या दिवशी बाबा अठरा वर्षांचे होते. आज सकाळची गोळी घेतली तेव्हा ते ऐंशीच्या पुढचे होते. या दोन आठवणी मेंदूने एकाच पद्धतीने साठवलेल्या नाहीत, त्यामुळे दोन्ही सारख्याच टिकाव्यात ही अपेक्षाही रास्त नाही.

नुकतीच घडलेली गोष्ट नोंदवून घेण्याचे काम कानशिलाच्या आत खोलवर असलेल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाकडे असते. जी आठवण वर्षानुवर्षे पुनःपुन्हा काढली जाते, सांगितली जाते, ती हळूहळू मेंदूच्या बाह्य आवरणात रुजते आणि तिला हिप्पोकॅम्पसचा आधार तितकासा लागत नाही. उतारवयात, आणि अल्झायमरच्या आजारात तर फारच लवकर, झीज होते ती नोंद घेणाऱ्या या भागाची. नवे आधी जाते आणि जुने मागे राहते, हे निरीक्षण थिओड्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ सालीच मांडले होते. त्याच्या हाती तेव्हा मेंदूचे छायाचित्र घेणारे कोणतेही यंत्र नव्हते. रुग्णांचे बोलणे लक्षपूर्वक ऐकणे एवढेच साधन होते.

यात आणखी एक भर पडते. म्हाताऱ्या माणसांना आयुष्यातील आठवणी मोकळेपणाने सांगायला लावल्या, तर साधारणतः वयाच्या दहा ते तीस वर्षांमधल्या आठवणी प्रमाणाबाहेर अधिक निघतात. अनेक देशांतील अभ्यासांत हे आढळले आहे. पहिली नोकरी, लग्न, पहिले मूल, नवे गाव, भाड्याची पहिली खोली, पहिल्यांदाच पाहिलेला समुद्र हे सारे याच काळातले. पुढची वर्षे एकमेकांसारखी होत जातात आणि एकमेकांत विरघळतात. म्हणून आजींना १९५७ साली आण्यांचे ‘नवे पैसे’ झाले तेव्हा बाजारात उडालेला गोंधळ आठवतो. त्या मानाने २०१६ सालच्या नोटाबंदीविषयी बोलताना त्या थोडक्यात आटोपतात.

पुन्हा तीच गोष्ट

घरच्यांची दुसरी तक्रार असते ती पुनरुक्तीची. येथे दोन निराळ्या प्रकारांची गल्लत होते आणि ती दूर करणे महत्त्वाचे आहे.

पहिला प्रकार म्हणजे गोष्टीवेल्हाळ माणसाची आवडती गोष्ट. पाऊस लागला की पुराची, दिवाळी आली की कापडाच्या रेशनची, नातू परीक्षेला बसला की मॅट्रिकची. सांगणाऱ्याला ठाऊक असते की ही गोष्ट पूर्वी सांगितली आहे. ‘तुम्हांला सांगितली असेल मी’ अशी प्रस्तावनाही तो करतो आणि तरीही सांगतो. प्रसंग निघाला म्हणून गोष्ट निघाली. हा आजार नव्हे. आपल्याकडे कीर्तनकार तेच आख्यान वर्षानुवर्षे लावतात आणि ऐकणारे पुन्हा जाऊन बसतात. घरच्या म्हाताऱ्यालाही तेवढी सवलत मिळायला हरकत नसावी.

दुसरा प्रकार वेगळा. दहा मिनिटांपूर्वी विचारलेला प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारला जातो, आणि आपण तो विचारला होता याचा मागमूसही विचारणाऱ्याला नसतो. रोजच्या देवळाच्या वाटेवर चुकणे, पन्नास वर्षे केलेल्या आमटीत काय घालायचे ते न सुचणे, सुट्या पैशांचा हिशोब न जमणे, साध्या वस्तूचे नाव न आठवल्याने ‘ते हे’ ‘ते हे’ म्हणत राहणे या गोष्टी सोबत असतील, तर ‘वय झालं’ म्हणून घरी थांबू नये. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वयानुसार आहे. चष्मा कशासाठी असतो हेच न उमगणे वयानुसार नाही.

आणि तपासणीला यायचे ते केवळ ‘डिमेन्शिया आहे की नाही’ एवढ्यासाठीही नाही. उपचाराने सुधारू शकतील अशी कारणे प्रथम शोधावी लागतात. शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळ आढळते. त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी रोजची गोळी चालू असेल, तर ती अधिकच वाढते. थायरॉइड मंदावलेला असू शकतो. सर्दीच्या, झोपेच्या किंवा लघवीवर ताबा राहावा म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी वृद्धांची स्मृती मंदावते. न्हाणीघरात डोक्याला लागलेला किरकोळ मार घरचे विसरून गेलेले असतात आणि काही आठवड्यांनी मेंदूच्या आवरणाखाली साचलेले रक्त आपला परिणाम दाखवू लागते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर हा धोका अधिक. मनाची उदासीही पुष्कळदा विसरभोळेपणाचा वेष घेऊन येते. आणि कालपर्यंत ठीक असलेले माणूस एक-दोन दिवसांत असंबद्ध बोलू लागले, दिवस-रात्र ओळखेनासे झाले, तर ती तातडीची बाब समजावी. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, नव्याने सुरू झालेले एखादे औषध यांपैकी काहीतरी बहुधा मागे असते.

भूतकाळात रमणे हा दोष का मानला गेला?

एकेकाळी वैद्यकशास्त्रही म्हाताऱ्यांच्या आठवणी काढण्याकडे बुद्धी ओसरल्याचे चिन्ह म्हणून पाहत असे. १९६३ साली रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने एका लेखात याला उलट दिशा दिली. मृत्यू जवळ आल्याची जाणीव झाली की माणूस स्वाभाविकपणेच आपल्या आयुष्याची पुनर्तपासणी करू लागतो, राहून गेलेले हिशोब पाहतो, काही मिटवतो, आणि हे मनाचे एक आवश्यक काम आहे, असे त्याने मांडले. या विचारातून पुढे वृद्धांच्या निवासांमध्ये जुनी छायाचित्रे, वस्तू आणि गाणी समोर ठेवून आठवणींना वाट करून देण्याच्या पद्धती तयार झाल्या.

या उपचाराविषयी अलीकडे फार मोठी वचने दिली जातात, म्हणून थोडे सावधपणे सांगतो. डिमेन्शियाच्या रुग्णांवर झालेल्या अशा प्रयोगांचा कोक्रेन संस्थेने २०१८ साली एकत्रित आढावा घेतला. संवाद, मनःस्थिती, जगण्याची गोडी यांत काही ठिकाणी सुधारणा दिसली, पण ती लहान आणि सर्वत्र सारखी नव्हती. आठवणी सांगितल्याने आजार मागे फिरत नाही. ‘रोज अर्धा तास आठवणी काढा आणि स्मृतिभ्रंश टाळा’ असे कोणी छापले असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. ऐकायचे ते औषध म्हणून नव्हे. घरात एक माणूस बोलत असेल, तर दुसऱ्याने कधीतरी त्याच्याकडे पाहावे, इतके साधे कारण पुरेसे आहे.

मात्र वैद्याच्या दृष्टीने आठवणींचा एक उपयोग अगदी ठोस आहे आणि त्याविषयी फारसे लिहिले जात नाही.

गोष्टीत दडलेला आजार

काही वर्षांपूर्वी ब्याऐंशी वर्षांच्या एका आजींना सांधे आणि खांदे धरल्यामुळे स्टिरॉइडची गोळी बराच काळ घ्यावी लागणार होती. सुरू करण्यापूर्वीची नेहमीची चौकशी चालली होती. पूर्वी काही मोठा आजार? नाही. दम्याचा, छातीचा त्रास? नाही. क्षय? ‘‘छे, आमच्या घरात असलं काही नाही,’’ असे त्यांनीच ठासून सांगितले. बरोबर आलेली नात मात्र हसून म्हणाली, ‘‘आजीचं सगळं आयुष्य मिरजेच्या हवापालटानं सुधारलं, असं ती आम्हांला सांगते. लग्नाआधी वर्षभर तिकडं होती. सोवळ्या घरातली मुलगी, पण रोज अंडं खायला लावायचे म्हणे. आणि सगळ्या बायका उघड्या व्हरांड्यात खाटांवर झोपायच्या, थंडीतसुद्धा.’’

नातीला ही गंमत वाटत होती. मला ते वर्णन ओळखीचे वाटले. मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते. पूर्ण विश्रांती, मोकळी हवा, दूध आणि अंडी हा अशा ठिकाणचा परिपाठ. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ सालचा, पण ते औषध सर्वसामान्य घरांपर्यंत पोहोचायला पुष्कळ काळ लागला. तोवर आराम, आहार आणि काही रुग्णांत फुप्फुसाभोवती हवा भरून त्याला विसावा देणे एवढेच हाती होते. मी आजींना हलकेच विचारले, ‘‘तिथं बरगड्यांमध्ये सुई घालून हवा भरायचे का?’’ त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग नातीला बाहेर पाणी आणायला पाठवले आणि म्हणाल्या, ‘‘दर आठवड्याला. पण हे ह्यांनाही शेवटपर्यंत माहीत नव्हतं.’’

छातीच्या छायाचित्रात उजव्या बाजूला वरच्या भागात जुने व्रण स्पष्ट होते. स्टिरॉइडमुळे शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते आणि अनेक दशके निद्रिस्त राहिलेले क्षयाचे जंतू पुन्हा उठू शकतात; त्यामुळे उपचाराची आखणी तज्ज्ञांच्या सल्ल्याने बदलली आणि पुढे सगळे व्यवस्थित पार पडले. पासष्ट वर्षे जपलेले गुपित त्या काळाच्या हिशोबाने अगदी शहाणपणाचेच होते. ‘क्षय’ हा शब्द उच्चारला असता तर लग्न जमले नसते. म्हणून आजार ‘हवापालट’ झाला, गोष्ट झाली, आणि गोष्टीच्या रूपातच तो नातीपर्यंत पोहोचला.

अशी उदाहरणे विरळा नाहीत. ‘आमचे आजोबा पुण्यवान, चाळिशीतच झोपेत गेले’ हे वाक्य ऐकले की माझे लक्ष नातवाच्या हृदयाकडे जाते. ‘काकूचे पाय कापले, खिळा लागल्याचं निमित्त झालं’ यात बहुधा मधुमेह असतो. ‘तिघी बहिणी एकाच रोगानं गेल्या, पोटात गाठ होती’ हे तर लेकीनातींच्या तपासणीसाठी अतिशय मोलाचे. जुन्या पिढीने आजारांना दिलेली नावे निराळी होती आणि पुष्कळ आजारांना नावेच नव्हती. आजीला ‘घरात कोणाला हृदयविकार होता का’ असे विचारले तर ती नाही म्हणेल. ‘तुमचे वडील कसे गेले? त्या दिवशी काय झालं होतं?’ असे विचारले तर ती गोष्ट सांगेल आणि त्या गोष्टीत उत्तर सापडेल. दिवाळीला किंवा घरच्या कार्याला सारे जमतील तेव्हा कोण कितव्या वर्षी, कशाने गेले, हे एका वहीत उतरवून ठेवावे. आपल्या डॉक्टरांना ती वही कोणत्याही महागड्या तपासणीइतकी उपयोगी पडेल.

खरे किती?

घरच्या गोष्टी खऱ्या असतात का, असेही विचारले जाते. आमच्याच घरचे उदाहरण देतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमचे घर कऱ्हाडकडचे. ही माझ्या जन्माआधीची गोष्ट. माझ्या दोन काकांपैकी प्रत्येकाच्या सांगण्याप्रमाणे आजीला हातांवर उचलून अंगणात आणले ते त्यानेच. दोघांनाही तो प्रसंग डोळ्यांपुढे दिसतो. आजीच्या लुगड्याचा रंगही दोघे सांगतात, फक्त तो निरनिराळा. आत्याच्या म्हणण्यानुसार आजी आपल्या पायांनी बाहेर आली आणि गोठ्यातली गाय सोडायची कोणालाच सुचली नाही म्हणून तिने दोन्ही मुलांना तेथेच, हादरे चालू असताना, झापले. या वादावर आमच्याकडची निदान वीस जेवणे रंगली आहेत.

तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नसावे. १९८६ साली अमेरिकेचे चॅलेंजर अंतराळयान आकाशात फुटले, तेव्हा उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्याच दिवशी आपल्या विद्यार्थ्यांकडून ‘ही बातमी तुम्हांला कुठे, कशी कळली’ हे लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारले तेव्हा अनेकांची उत्तरे पार बदललेली होती आणि तरीही आपली नवी आठवण अचूक आहे अशी त्यांची खात्री होती. आठवण काढताना मेंदू ती प्रत्येक वेळी नव्याने जुळवतो आणि जुळवताना थोडी दुरुस्ती करतो. ज्या काकाला आपण आईला वाचवायला हवे होते असे वाटले, त्याने तिला आठवणीत वाचवले.

म्हणून निरोगी वृद्धांशी तपशिलावरून वाद घालायला हरकत नाही. त्यात मजाही असते. डिमेन्शिया झालेल्या माणसाशी मात्र घालू नये. त्यातही सर्वांत कठीण प्रश्न म्हणजे, ‘माझी आई कुठे आहे?’ नव्वदीच्या आजी संध्याकाळी दाराशी उभ्या राहून हे विचारतात आणि लेक प्रामाणिकपणे सांगते, ‘अगं, ती जाऊन चाळीस वर्षं झाली.’ आजींना ही बातमी त्या क्षणी पहिल्यांदाच कळलेली असते. त्या रडतात. अर्ध्या तासाने विसरतात आणि पुन्हा विचारतात. रोज नव्याने आई गमावण्याची शिक्षा कोणालाही देऊ नये. ‘आईची आठवण येते का गं? ती संध्याकाळी काय करायची?’ असे विचारावे. यात खोटे काही बोलावे लागत नाही. ‘मला घरी जायचंय’ या हट्टालाही हेच लागू. स्वतःच्याच घरात बसलेला माणूस घरी जायचे म्हणतो तेव्हा त्याला भीती वाटत असते, थकवा असतो, भूक असते, कधी लघवीला लागलेली असते. आधी ते पाहावे, मग ‘तुमचं घर कसं होतं, अंगणात काय होतं’ असे बोलणे सुरू करावे. संध्याकाळी दिवे वेळेवर लावले तर ही घालमेल थोडी कमी होते, असा अनेक घरांचा अनुभव आहे.

माण भागातील एक शेतकरी आजोबा उशीखाली भाकरीचे तुकडे लपवत. मुंग्या होत, अंथरुणाला वास येई, सून मेटाकुटीला आली होती. ‘‘आम्ही उपाशी ठेवतो असं लोकांना वाटेल,’’ हे तिचे खरे दुःख. पुढच्या खेपेला आजोबांचे धाकटे भाऊ बरोबर आले आणि त्यांनी १९७२ च्या दुष्काळाचे वर्णन केले. खडी फोडायचे काम, कामावर मिळणारी सुकडी, परदेशातून आलेल्या ‘मिलो’ नावाच्या तांबड्या ज्वारीच्या भाकऱ्या. आजोबांनी तेव्हा स्वतःच्या वाटणीतली अर्धी भाकरी फडक्यात बांधून मुलांसाठी राखायची, असा नेम केला होता. सुनेच्या नवऱ्यासाठीच, म्हणजे. तिला हे कोणी सांगितले नव्हते. आम्ही एवढेच केले की झाकणाचा एक लहान डबा त्यांच्या खाटेशी ठेवला आणि त्यात मूठभर फुटाणे असू दिले. दात शाबूत होते आणि गिळताना ठसका लागत नव्हता म्हणूनच फुटाणे. लपवणे पूर्ण थांबले नाही, कमी झाले. सुनेचा राग मात्र गेला, असे तिनेच सांगितले.

ऐकताना

काही व्यवहाराच्या गोष्टी. ऐकू कमी येत असेल तर माणूस गप्प बसतो किंवा एकटाच बोलत राहतो. दोन्हींमुळे घरच्यांना वाटते की बुद्धी गेली. कानातला मळ तपासून घ्यावा, गरज असेल तर श्रवणयंत्र लावावे आणि ते पेटीत न ठेवता वापरावे. कमी ऐकू येणे हा डिमेन्शियाचा धोका वाढवणारा, पण टाळता येण्याजोगा घटक आहे, हे लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालातही नमूद आहे. बोलताना दूरचित्रवाणी बंद करावी, चेहऱ्यावर उजेड पडेल असे समोर बसावे. सकाळचे अंघोळ-नाश्ता आटोपल्यानंतरचे तास बहुतेकांना मानवतात.

पाहुण्यांना एक विनंती. ‘ओळखलंत का मला? सांगा पाहू मी कोण?’ हा खेळ कृपा करून बंद करावा. समोरच्याची परीक्षा घेतली जाते आणि सर्वांदेखत तो नापास होतो. त्यापेक्षा ‘काका, मी अमक्याचा धाकटा, सांगलीहून आलो’ असे आपणच सांगून टाकावे. प्रश्नही तारखांचे नसावेत. ‘लग्न कोणत्या साली झालं?’ याला एकच बरोबर उत्तर असते. ‘लग्नात जेवायला काय होतं?’ याला चुकीचे उत्तर नसते.

शब्द हरवले तरी हात आणि गळा पुष्कळ काळ शाबूत राहतात. अडकित्ता, सूप, वातीचा कापूस, जुना रॉकेलचा स्टोव्ह यांतली एखादी वस्तू हाती दिली की जे विचारून निघत नाही ते निघते. वासाचे मज्जामार्ग मेंदूतील भावना आणि स्मृतीच्या केंद्रांशी फार जवळून जोडलेले असल्यामुळे भाजणीचा किंवा पहिल्या पावसाचा वासही असेच काम करतो. १९५५ सालच्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर गीतरामायण लागत असे. तेव्हा रेडिओभोवती बसलेली मुले आज ऐंशीच्या घरात आहेत, आणि सलग वाक्य न बोलू शकणारी त्यांच्यातली काही माणसे ही गाणी लागली की शब्दांसह साथ धरतात. मी हे वारंवार पाहिले आहे.

सर्वच आठवणी मात्र उकराव्यात असे नाही. काहींच्या आयुष्यात फाळणी आहे, गिरणीचा संप आहे, लहानपणी गेलेले मूल आहे, ज्याविषयी कधी बोलताच आले नाही असे काही आहे. सांगणारा थांबला तर आपणही थांबावे. आणि दर गोष्टीचा शेवट ‘माझंच चुकलं’, ‘मी उगीच जगतोय’ असा होऊ लागला, झोप आणि जेवण तुटले, तर ते आठवणींत रमणे राहिलेले नाही. ते नैराश्य असू शकते, त्याला या वयातही चांगले उपचार आहेत, डॉक्टरांकडे आणावे.

आता काळजी घेणाऱ्यांविषयी. ब्रिटनमध्ये डिमेन्शियाचे रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय यांना एकत्र बसवून आठवणींच्या बैठका घेण्याचा एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१२ साली आले. रुग्णांना लक्षणीय लाभ दिसला नाही आणि कुटुंबीयांची चिंता थोडी वाढलेलीच आढळली. मला याचे नवल वाटत नाही. आपल्याकडे सेवा करणारी बहुधा सून असते आणि गोष्टी असतात सासूबाईंच्या. ‘‘त्यांच्या प्रत्येक गोष्टीत मी उशिरा उठणारी सून असते,’’ असे एकीने मला सांगितले. ती स्वतः पासष्ट वर्षांची आहे आणि पहाटे पाचला उठून सासूबाईंचे अंथरूण बदलते. तिने त्या गोष्टी प्रेमाने ऐकाव्यात असे मी तिला सांगितले नाही. औषध, अन्न, स्वच्छता ती करते. ऐकण्याचे काम मुलांनी, नातवंडांनी, शेजाऱ्यांनी करावे, आणि आठवड्यातून काही तास तिने घराबाहेर काढावेत. तिच्याही आठवणी आहेत, त्या ऐकणारे कोणी घरात आहे का, हेही नवऱ्याने पाहावे.

जतन करण्याविषयी थोडे. जुन्या छायाचित्रांच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने, फार न दाबता, नावे लिहून ठेवावीत. शाईच्या पेनाने लिहू नये, ती पुढे उमटते. बायकांची माहेरची नावे आवर्जून विचारावीत, कारण बहुतेक वंशावळींतून तीच गळालेली असतात. मोबाइलवर आवाज नोंदवणे आता सर्वांनाच जमते. ते लपून करू नये. यंत्र समोर ठेवावे आणि विचारून सुरू करावे. वर सांगितलेल्या मिरजेच्या आजींच्या नातीने पुढे असे बरेच ध्वनिमुद्रण केले. एके दिवशी आजी मध्येच म्हणाल्या, ‘‘ते बंद कर, मग सांगते.’’ नातीने मोबाइल बंद केला आणि आजींनी तासभर सांगितले. काय सांगितले ते नात मला बोलली नाही, मीही विचारले नाही.